चौघांनाच माहीत असलेली तारीख

४ जून

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हात शाईत आणि डोकं मंडळात, असे दिवस चाललेत.

झालं असं की कॅलेंडरवाल्या कंपनीने पुढच्या वर्षाचा नमुना बाजारात आणला. त्यात माझं चित्र आहे, शिडीवर चढून दिवा पुसणारी बाई. तिचे पाय मी तुझ्या पायांवरून काढले होते, आठवतंय? नऊ वर्षांपूर्वी ते चित्र एकदाच छापायला म्हणून दिलं होतं. लाकडी ठसा तेव्हापासून त्यांच्या गोदामात आहे. मागितला की उद्या देतो म्हणतात. आता मला न विचारता पुन्हा छापलं, तेही एक वेळ गिळलं असतं. पण मी भिंग घेऊन उजवा कोपरा बघितला. तिथे माझी सही होती. कुणीतरी ठशावर पटाशी चालवून सहीच्या अक्षरांचं गवत करून टाकलंय. खोलीतल्या फरशीवर गवत, ताई.

मंडळात आम्ही एकोणीस चित्रकार आहोत, यंदा अध्यक्ष मी. त्यातल्या बारा जणांच्या सह्या अशाच गेल्यात. म्हणून ठरलंय की १५ तारखेला सगळ्यांनी एकाच दिवशी एकच कागद कंपनीच्या टेबलावर ठेवायचा. चित्राखाली नाव हवं, पुन्हा छापताना विचारायला हवं, ठसा परत हवा. नाहीतर यापुढे एकाच्याही हातचा ठसा मिळणार नाही. आधी कळलं तर कंपनी एकेकाला गाठून फोडेल, म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. तुला लिहिलं म्हणजे बाहेर गेलं असं मी धरत नाही.

मौनी मजेत आहे. वीस वर्षं मी कोरतो आणि तो छापतो, मंडळाच्या यादीतही छपाईवाला म्हणून त्याचं नाव आहे. दिवसभरात दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. हल्ली मात्र दुपारचा मधूनच कुठेतरी जाऊन येतो. विचारलं तर मान हलवतो. असो.

भाचेबुवांचं कागदाच्या डेपोत कसं चाललंय?

तुझा
धाकटा

---

९ जून

धाकट्या,

पत्र पोचलं. त्या कॅलेंडरचा नमुना आमच्या किराणावाल्याच्या दुकानात लटकलाय. मी गेले की आधी पायांकडे बघते. तेव्हा माझ्या टाचा एवढ्या फुटल्या नव्हत्या.

तू करतोयस ते बरोबर आहे, पण मला भीती वाटते. कंपनीची मोठी कचेरी आमच्याच गावात आहे, तिचा पसारा मी रोज बघते. तुम्ही एकोणीस म्हणजे एकोणीस घरं, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी घाबरट असणार. त्यातले कच्चे कोण, हे तू ओळखून आहेस का? सगळ्यांवर सारखा विश्वास टाकायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

तुझा भाचा बरा आहे. वेळेवर जातो, वेळेवर येतो. त्याच्या कामाचं मला फारसं कळत नाही.

आणि मौनी दुपारी कुठे जातो, ते बघ की जरा.

तुझी
ताई

---

२० जून

ताई,

तुझी भीती खरी ठरली. १५ तारखेची वाट बघायची वेळच आली नाही. १३ तारखेला सकाळी कंपनीची माणसं घरोघर फिरली. हातात छापील कागद, चित्राचे सगळे हक्क कायमचे कंपनीला दिले असा मजकूर. प्रत्येकाला सांगितलं की बाकीच्यांनी सह्या केल्यात, तुम्हीच राहिलात. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी सही केली. कुणाकडे जायचं, कुणाकडे नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या दाराशी कुणी फिरकलं नाही.

परवा मंडळाची बैठक झाली. आठ जण आलो होतो. एरवी एकमेकांच्या पेल्यातला चहा पिणारी माणसं, पण परवा प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलत होता. कुणी खिशातून रुमाल काढला तरी चौघांच्या माना वळत होत्या. भित्तिचित्रं करणारी म्हातारी बाई म्हणाली की खोलीत वास येतोय आणि तो शाईचा नाही. कुणी हसलं नाही.

मी हात टेकलेले नाहीत. आमच्या वकीलबाईंनी कोर्टाकडून गोदाम तपासायचा हुकूम मिळवलाय. कंपनीने कोर्टात लिहून दिलंय की आमचे ठसे त्यांच्याकडे कधी नव्हतेच. गोदामात ते सापडले, कोपरे खरवडलेले दिसले, की खेळ खलास. ९ जुलैला सकाळी कोर्टाचा माणूस घेऊन जायचं. तारीख चौघांनाच माहीत आहे: मी, वकीलबाई, तुझी भावजय आणि मौनी. तुला मी मोजत नाही. तुला लिहिणं म्हणजे मी माझ्याशीच बोलणं.

काल मौनीला चौकातल्या हॉटेलात बघितलं. समोर कंपनीचा मॅनेजर बसला होता. मी काचेबाहेरून बघून निघून आलो.

तुझा
धाकटा

---

२८ जून

धाकट्या,

अकरा जणांचं वाचून वाईट वाटलं.

मौनीबद्दल लिहू की नको, असा विचार दोन दिवस केला. मी त्याला तुझ्या लग्नात आणि नंतर एकदोनदा बघितलंय. बोलणारा माणूस रागावतो, हसतो, खोटं बोलला तरी जिभेवर सापडतो. न बोलणाऱ्याला कुठे पकडायचं? मॅनेजरबरोबर चहा प्यायला आणि तुला सांगितलं नाही, याचा अर्थ काय लावायचा तो तूच लाव. माझ्या मनाला ते पटलेलं नाही एवढंच. वीस वर्षं म्हणजे काही लिहून दिलेला दाखला नाही.

पण तू लगेच काही बोलू नकोस. नुसता डोळा ठेव.

भाचा विचारत होता, मामाचं पत्र आलं का म्हणून. त्याला तुझ्या कामाचं फार कौतुक.

तुझी
ताई

---

११ जुलै

ताई,

गोदाम रिकामं होतं.

कोर्टाचा माणूस, वकीलबाई, मी आणि मौनी, असे आम्ही साडेनऊला पोचलो. कंपनीचा माणूस दारातच किल्ली घेऊन उभा, जणू पाहुणे यायचेत. आत लोखंडी फळ्यांची लांबलचक रांग आणि फळ्यांवर एकही ठसा नाही. पण धूळ सगळीकडे सारखी नव्हती. जागोजाग चौकोन होते, लहान, मोठे, आडवे, उभे, अगदी स्वच्छ. दोन दिवसांपूर्वीपर्यंत तिथे काहीतरी होतं. मी एका चौकोनावर हात ठेवून बघितला, दिवा पुसणाऱ्या बाईच्या ठशाचं माप मला हातानेच कळतं. कोर्टाच्या माणसाने लिहून घेतलं: फळ्या रिकाम्या. धुळीची नोंद करत नाहीत म्हणाला.

कारखान्यात परत आलो. मौनीने नेहमीसारखा ऍप्रन चढवला आणि शाईचा रूळ हातात घेतला. माझा तोल गेला. मी सगळं बोललो. दुपारचं जाणं, हॉटेल, मॅनेजर, चहा. तारीख चौघांना माहीत होती, त्यातल्या तिघांची मी खात्री देतो, असंही म्हणालो.

त्याने रूळ पुसून जागेवर ठेवला. मग एवढंच विचारलं, “चौघंच?”

मी म्हटलं, “चौघंच.”

“नीट मोज,” म्हणाला. ऍप्रन काढून त्याची घडी केली, काखेत मारली आणि गेला. वीस वर्षांत तो ऍप्रन कधी खुंटीवरून घरी गेला नव्हता.

मंडळातून त्याचं नाव कमी केलंय. ठराव मीच मांडला. तुझी भावजय तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तू वेळीच सावध केलं होतंस, मीच उशीर केला.

तुझा
धाकटा

---

३ ऑगस्ट

धाकट्या,

ताप येत होता म्हणून लिहिलं नाही. आता बरं आहे.

मौनीच्या बाबतीत घाई झाली असं वाटतं. तो नसेलही. मी काहीबाही लिहिलं होतं ते फार मनावर घेऊ नकोस, म्हाताऱ्या बाईचं बोलणं.

एक सांगते. यापुढे मला मंडळाचं, कोर्टाचं काही लिहू नकोस. मला काळजी लागते. घरचं लिही, नवीन काय कोरतोयस ते लिही.

तुझी
ताई

---

९ ऑगस्ट

ताई,

तब्येतीला जप. काळजी लागेल असं लिहू नको म्हणालीस, पण ही बातमी आनंदाची आहे, म्हणून लिहितो.

एक ठसा सापडला. दिवा पुसणाऱ्या बाईचाच. गोदाम रिकामं करायच्या घाईत कंपनीने तो एका बाइंडरकडे जाणाऱ्या सामानात टाकला आणि विसरून गेली. जुन्या टाकीमागच्या गल्लीत, पिवळ्या दाराच्या बाइंडरकडे माळ्यावर तो पडून आहे. बाइंडर भला माणूस आहे. २६ तारखेला, सोमवारी दुपारी बारा वाजता आम्ही तो कोर्टात नेणार आहोत. तोवर तिथेच राहू देणार, हलवाहलव नको. जुन्या टाकीमागची गल्ली, पिवळं दार. कुणाला शंकाही येणार नाही.

हे झालं की सगळं संपलं. भाच्याला आशीर्वाद.

तुझा
धाकटा

---

१८ ऑगस्ट

धाकट्या,

हे तुझ्या हाती पडेल तेव्हा पिवळ्या दाराशी माणसं येऊन गेली असतील, किंवा येण्याच्या वाटेवर असतील.

तू आयुष्यात मला खाडाखोड केल्याशिवाय पत्र लिहिलेलं नाहीस. या पत्रात एकही शब्द खोडलेला नाही. आधी कच्चं लिहिलंस आणि मग उतरवून काढलंस. पत्ताही दोनदा दिलास, जसा लहान मुलाला देतात. मी वाचलं आणि मला कळलं की हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही.

आता सांगते. भाचा डेपोत नाही. डेपो दोन वर्षांपूर्वीच बंद पडला. चौदा महिने तो घरी होता. दाढी करायचा नाही, खिडकीशी बसून असायचा. मग या जानेवारीत कंपनीच्या कचेरीत चित्रांच्या खात्यात लागला. तुला कसं सांगू? तू ज्यांच्याशी भांडतोयस त्यांच्याकडे. म्हणून डेपोच चालू ठेवला.

तुझी पत्रं मी जेवताना मोठ्याने वाचते, पहिल्यापासूनची सवय. जूनचं पत्रही तसंच वाचलं. त्यात काय होतं हे माझ्या ध्यानात आलं, पण तो काही करेल असं वाटलं नाही. त्याने दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. तुला मी ९ तारखेला लिहिलं तेव्हा मला याची कुणकुण होती, विचारायचं धाडस झालं नाही. त्यानंतर त्याला बसायला स्वतःची खोली मिळाली. दुसऱ्या वेळी त्यानेच विचारलं, मामाचं पत्र आलं का. का विचारतोय ते मला समजलं होतं. मी पत्र त्याच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. हात धुवायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मग तुला लिहायला बसले आणि मौनीचं नाव पुढे केलं. ते मला कुणी करायला लावलं नव्हतं. मुलाने पत्र वाचलं, सांगितलं, तो त्याचा दोष. मौनी माझा. “नीट मोज” हे तुझ्या पत्रात वाचलं आणि मला ताप भरला.

हे शेवटचं पत्र मी चार दिवस कपाटात ठेवलं. फाडून टाकलं असतं तर कुणी आलं नसतं, तुझा संशय तिथेच मिटला असता आणि मौनी कायमचा चोर राहिला असता. तुला सरळ लिहावं म्हणून तीनदा कागद घेतला, हात चालला नाही. शेवटी काल रात्रीच्या जेवणाला मी ते मोठ्याने वाचलं. पत्ता दोनदा होता, दोन्ही वेळा वाचला. आज रविवार, तरी तो सकाळी लवकर गेला.

यात त्याची नोकरी जाणार, हे मला माहीत आहे. त्याला माहीत नाही.

आज मात्र हात चालला.

ताई

---

१५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र २१ तारखेला आलं. म्हणजे २६ उजाडायच्या आधी मला सगळं कळलं होतं. तरी बाइंडरकडे दोन दिवस बसून होतो. कुणी येऊ नये असं तेव्हाही वाटत होतं.

माळ्यावर ठसा नव्हता, जुन्या पाटीला कापड गुंडाळून ठेवलं होतं. आत वकीलबाई आणि कोर्टाचा माणूस. रविवारी दुपारी कंपनीची दोन माणसं आली. त्यांनी सोबत कंपनीचा कागद आणला होता, मॅनेजरच्या सहीचा: आमच्या गोदामातला अमुक क्रमांकाचा ठसा या माणसांच्या हाती परत द्यावा. ज्या ठशाबद्दल त्यांनी कोर्टात लिहून दिलं होतं की आम्ही तो कधी बघितला नाही, त्याचा क्रमांक त्यांनीच घालून दिला. घाईत ठसे हलवताना त्यांनी ते मोजलेच नव्हते, म्हणून एक राहून गेला हे त्यांना पटलं. कोर्टाच्या माणसाने कागद वाचला, मग त्या दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. नऊ दिवसांत एकतीस ठसे हजर झाले. सगळ्यांचे कोपरे खरवडलेले. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नावांसकट निघणार. त्या अकरा जणांनी केलेल्या सह्यांचं काय होतं ते कोर्टाने अजून ठरवायचंय.

माझा संशय तुझ्या घरापर्यंत तुझ्या भावजयीनेच आणला, हेही सांगतो. तुझं तापाचं पत्र तिने वाचलं आणि विचारलं, “तुम्ही कुणाला काय लिहिता ते कधी मोजलंत का?” मी तिच्यावर ओरडलो. मग रात्रभर मोजत बसलो.

मौनीच्या घरी गेलो. दार त्याने अर्धंच उघडलं. मी म्हटलं, पाच. त्याने दार पूर्ण उघडलं. मॅनेजरने त्याला चहा पाजून नोकरी देऊ केली होती. दुपारी दोनदा बोलावून घेतलं, तिसऱ्यांदा हॉटेलात. तो नाही म्हणाला होता, आणि नाही म्हटल्याचं काय सांगायचं, असं त्याला वाटलं. मी माफी मागितली. तो कामावर यायला लागलाय. पण ऍप्रन खुंटीला लावत नाही. रोज संध्याकाळी घडी करून घरी नेतो. मी बघून न बघितल्यासारखं करतो.

मंडळात मी उभा राहिलो आणि सांगितलं की दोन्ही तारखा माझ्या हातून गेल्या, गुप्त ठेवायचं ते मी पत्रात लिहिलं. कुणाला, असं विचारलं. घरच्या माणसाला, म्हटलं, आणि पुढे बोललो नाही. मौनीचं नाव परत लावलं, अध्यक्षपद सोडलं. कुणी सोडू नका म्हणालं नाही.

शनिवारी भाचा आला होता. त्याला काढून टाकलंय. दारातच उभा राहिला, पाणीही घेतलं नाही. दाढी वाढलीय. म्हणाला, “मामा, तू मला फसवण्यासाठी ते लिहिलंस, ते समजलं. पण आई वाचत होती तेव्हा आईला माहीत होतं का?”

मी म्हटलं, “नाही. तिलाही मी फसवलं.”

त्याचा विश्वास बसला की नाही, सांगता येत नाही. ज्याचं काम त्याचं नाव, एवढ्यासाठी मी भांडत आलो. तुझ्या हातून झालेलं हे काम मात्र माझ्या नावावर लावून घेतलं. तू त्याला वेगळं सांगू नकोस. त्याला घर एकच आहे.

तू मला वाढवलंस. मौनीची माफी मागायला गेलो तेव्हा तुझ्या वाटचीही मागितली, त्याने ती घेतली की नाही तेही विचारलं नाही. तुझ्यावर राग आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

एक मात्र आज विचारतो. तुझ्या पत्राप्रमाणे तीन पत्रं तुझ्या घरातून पुढे गेली. पण जूनच्या पत्रात कच्च्यांची नावं मी लिहिली नव्हती, तरी कंपनी नेमकी त्यांच्याच दारी गेली. मी काल कपाटातून तुझी सगळी उत्तरं काढली, या जानेवारीपासूनची, आणि एकेक वाचत बसलो. भाचा कंपनीत लागला तेव्हापासूनची. मी असा बसलेला बघून तुझ्या भावजयीने दिवा उचलून माझ्याजवळ आणून ठेवला.

तीनच ना, ताई?

धाकटा